बुडालेली होडी वर काढताना घाई नडते

आमची होडी बुडाली तेव्हा ती कुठे निघालेली नव्हती. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत नांगरावर उभी होती. जूनमधली पहिल्या मोठ्या पावसाची रात्र झाली आणि सकाळी ओहोटीला जाऊन बघतो, तर पाण्यावर फक्त पुढच्या काचेची कड आणि दोराला बांधलेला पिवळा कॅन. आम्ही चौघं भागीदार, त्यामुळे सल्लेही चार आले. एकजण तर लगेच ट्रॅक्टर आणायला निघाला. दोर बांधायचा, खेचायची, संपलं.

काठावर जाळं सांधत बसलेल्या चाचांनी मान वर न करता विचारलं, "मशीनवाला मिस्त्री आलाय काय?"

नव्हता आला. त्या दिवशी येणारही नव्हता.

"मग ऱ्हाऊ दे खाली. तो येईल तवा काढू."

भिजलेलं इंजिन आणखी एक दिवस खाऱ्या पाण्यात ठेवायचं, हे आम्हाला खुळेपणाचं वाटलं. पण चाचांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. लोखंड गंजायला पाणी लागतं तसाच प्राणवायूही लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हवेतल्यापेक्षा फारच कमी असतो, आणि इंजिनाच्या आत अडकलेल्या पाण्यातला तर लवकर संपतोही. इंजिन वर काढलं की ओला, मिठानं माखलेला पोलादी भाग एकदम उघड्या हवेत येतो आणि गंज धावत सुटतो. काही तासांत सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस थर दिसायला लागतो, बेअरिंग खरखरायला लागतात. म्हणून घड्याळ सुरू होतं ते होडी बुडते तेव्हा नव्हे, ती वर येते तेव्हा. याचा अर्थ आठवडाभर तशीच ठेवावी असा नाही. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. पण एक-दोन दिवस तयारीत गेले तर ते सत्कारणी लागले समजायचं.

हे सगळं अर्थात होडीत कोणी नसताना. माणसं असतील तर होडीचा विचार नंतर.

आधी डोकी मोजा

कोकणच्या किनाऱ्यावर याची उदाहरणं ताजी आहेत. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणारी बोट किनारा दिसत असताना उलटली आणि दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यात पंधरा जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी बोट पाण्यात जायला काही मिनिटं पुरली. लाइफ जॅकेट पेटीत ठेवलेलं असेल तर त्या मिनिटांत ते शोधून, ओढून, पट्टे लावून होत नाही. ते निघतानाच अंगावर असायला हवं.

पाण्यात पडल्यावर पोहता येणाऱ्याचा पहिला मोह किनाऱ्याकडे पोहण्याचा. तो आवरायचा. उलटलेली होडी बहुतेक वेळा तरंगत राहते, आणि शोधायला आलेल्याला दुरून तीच दिसते. लाटांत माणसाचं डोकं म्हणजे एक नारळ. त्यात ओहोटी चालू असेल तर खाडीच्या तोंडाशी पाण्याचा ओढ असा असतो की चांगला पोहणाराही जागच्या जागी हात मारत राहतो. होडीला धरून रहा, शक्य तितकं अंग पाण्याबाहेर काढा, सगळे एकमेकांना बिलगून रहा. आपलं पाणी कोमट म्हणून गाफील राहायचं नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. तासन्‌तास पाण्यात राहिलं की हात गारठून दोर सुटू शकतो.

व्हीएचएफ, म्हणजे होडीवरचा रेडिओ, असेल तर चॅनेल १६. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सरळ ११२. सांगताना जागा, होडीचा रंग आणि माणसांचा आकडा, एवढं आधी. आकडा चुकला तर शोध चुकतो. याची उलटी बाजूही आहे, आणि ती फार कमी लोकांना सुचते: सगळे सुखरूप काठाला लागले असतील, तर तेही कळवायचं. नाहीतर कुणीतरी उलटी होडी बघतो, फोन करतो आणि अर्धी रात्र बोटी रिकाम्या पाण्यात माणसं शोधत फिरतात.

नाकातोंडात पाणी गेलेल्याला, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी, दवाखान्यात न्या. फुप्फुसात थोडं पाणी गेलेल्याला काही तासांनी धाप लागू शकते. खोकला थांबत नसेल तर वाट बघायचीच नाही.

कळवायचं कुणाला, आणि का

होडी बुडाली म्हणजे मालकी बुडाली असं होत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ती तळाशी पडलेली असली तरी तुमचीच, आणि म्हणून तिच्यापायी होणारा उपद्रवही तुमचाच. जलमार्गात अडथळा होत असेल तर ती काढायला लावण्याचा अधिकार बंदर प्रशासनाला असतो. तुम्ही काढली नाही तर ते काढतात आणि बिल तुमच्या नावानं येतं. महाराष्ट्रात छोट्या बंदरांचा आणि खाड्यांचा कारभार महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे, तेव्हा आधी त्यांच्या बंदर निरीक्षकाला गाठायचं. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स. मुंबई किंवा मुरगावसारख्या मोठ्या बंदराच्या हद्दीत त्या त्या बंदर प्राधिकरणाला. शिवाय जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद. ती पुढे विम्यालाही लागते.

मग खूण. बुडालेल्या होडीच्या दोन्ही टोकांना बोये बांधा, भडक रंगाचे कॅनही चालतील, आणि रात्रीसाठी एखादा लुकलुकता दिवा. आमचा पिवळा कॅन नशिबानं आधीच बांधलेला होता. खूण पुरेशी ठळक नसली तर काय होतं, याचा मोठा धडा इंग्लिश खाडीत मिळाला. १४ डिसेंबर २००२ ला 'ट्रायकलर' नावाचं जवळपास तीन हजार गाड्या वाहून नेणारं जहाज टक्कर होऊन तिथं बुडालं आणि उथळ पाण्यात आडवं पडलं. भोवती पहारा होता, इशारे जात होते, तरी दोन दिवसांत एक जहाज त्याच्यावर येऊन धडकलं आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तेलवाहू जहाज. त्यानंतरच ताज्या बुडीत जहाजासाठी निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा आणि आळीपाळीनं निळा-पिवळा दिवा दाखवणारा खास बोया जगभर ठरवला गेला. खाडीत पहाटेच्या अंधारात घरी येणाऱ्या मच्छीमाराच्या पंख्यात तुमचा नांगराचा दोर अडकला, तर त्याच्या दृष्टीनं तुमची होडी 'ट्रायकलर'च.

तेलाचं काय? हात पोचत असेल तर इंधनाचा कॉक बंद करा आणि टाकीच्या हवेच्या नळीला बूच मारा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक साबणाची पावडर टाकतात. ते करू नका. तवंग दिसेनासा होतो खरा, पण तेल फुटून खाली जातं आणि कालवं, खेकड्यांच्या पोटात उतरतं. काथ्याचा किंवा जुन्या कपड्याचा गुंडाळा करून तेल वरच्या वर टिपून घेतलेलं बरं.

होडी बुडालीच कशी

हे वर काढण्याआधी समजून घ्यायचं, कारण भोक तसंच असेल तर वर आलेली होडी पुन्हा खाली जाते. आमच्या होडीला भोक नव्हतं. तिला पावसानं बुडवलं.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची होडी अठरा फुटी, रुंदी सहा-सात फूट, म्हणजे वरून पाऊस झेलणारी जागा साधारण दहा चौरस मीटर. कोकणात जूनमध्ये एका रात्रीत १५० मिलिमीटर पाऊस पडला तर कुणी बातमीही करत नाही. पण दहा चौरस मीटरवर तो पडला की दीड हजार लिटर होतो. दीड टन! आतला पाणी उपसणारा छोटा पंप बॅटरीवर चालतो, आणि आमची बॅटरी तीन आठवडे चार्ज न झालेली. मध्यरात्री कधीतरी पंप थांबला असणार. आत साठलेलं पाणी मागे गेलं, कारण इंजिनाच्या वजनानं होडी मागे झुकलेलीच असते. मागची कड पाण्याला टेकली आणि मग पावसाची गरजच उरली नाही, खाडीच आत आली.

भोकाचं गणित याहून भयंकर. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर दोन इंचाचं भोक असेल, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी आत येतं. छोट्या होडीचा पंप याला कधीच पुरा पडत नाही. तेव्हा खाली डोकावून आधी बघायचं: बूच जागेवर आहे का, इंजिनाला थंड पाणी नेणारी रबरी नळी निसटली का, खडकाला घासून चीर गेली का. मऊ लाकडाची निमुळती खुंटी कापडात गुंडाळून ठोकली की तेवढ्यापुरतं भागतं.

भरतीला काम करू द्या

आता चाचांची खरी करामत. फायबरची होडी पाण्याखाली हलकी होते. आमच्या होडीचं वजन सुमारे पाचशे किलो, पण फायबर जितकं पाणी सारतं तितका त्याला खालून आधार मिळतो, म्हणून पाण्यात ते जेमतेम दोनशे किलोच्या आसपास भरतं. इंजिनाचे साठेक किलो धरा. म्हणजे तळाशी पडलेली होडी उचलायला तीनशे किलोचा जोर पुरावा. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप, झाकण घट्ट लावून पाण्यात दाबलं, तर जवळपास १९० किलोचा जोर वर लावतं. चार पिंपं म्हणजे पुरून उरली.

जास्तीची दोन लागली ती गाळासाठी. गाळात बसलेल्या होडीखाली पाणी शिरत नाही, त्यामुळे चिखलातून पाय काढताना चप्पल जशी खेचली जाते तसं होतं. अशा वेळी सरळ वर ओढायचं नसतं. एका बाजूनं हलवायचं, मग दुसऱ्या बाजूनं. एकदा खाली पाणी शिरलं की ती "पच्च" करून सुटते.

दोर बांधले ते हुकांना किंवा कड्यांना नव्हे, पोटाखालून फिरवून. होडीवरचे हूक नांगराचा ताण सोसायला असतात, अख्खी होडी पेलायला नाही. ट्रॅक्टरनं ओढली असती तर फायबरचा तुकडा हुकासकट हातात आला असता, आणि होडी तिथंच.

ओहोटीच्या तळाला, पाणी सर्वात कमी असताना, दोर खेचून पिंपं अगदी घट्ट बांधली. आणि मग काठावर बसून चहा प्यायलो. अमावस्येचं उधाण होतं, सहा तासांत पाणी दीड-दोन मीटर चढणार होतं. पाणी चढलं, पिंपं त्याच्याबरोबर वर यायला बघू लागली, दोर ताणले, कुरकुरले, होडी एकदा डावीकडे कलली आणि सुटली. भरती पुरी होईपर्यंत छोट्या पगारीनं, म्हणजे लहानशा होडीनं, तिला हळूहळू काठाकडे ओढत नेलं, जमिनीला टेकली तिथं सोडून दिली. पुढच्या ओहोटीला ती घोटाभर चिखलात उभी होती. बाहेर पाणी नाही हे बघून मागचं बूच काढलं आणि आतलं पाणी आपलं आपण वाहून गेलं. पंपाची गरज पडली ती शेवटच्या दोन बादल्यांना.

खोल पाण्यात हे जमत नाही, तिथं हवेच्या पिशव्या घेऊन पाणबुडे लागतात, आणि ते काम त्यातल्या जाणकारावरच सोपवावं. दहा मीटर खोलीवर पिशवीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. म्हणजे होडी वर यायला लागली की जोर वाढत जातो, वेग वाढतो, आणि ती रॉकेटसारखी सुटून पाणबुड्याच्या अंगावर येऊ शकते. दुसरी गोष्ट, होडीची कड पाण्याबाहेर येते त्या क्षणी आतल्या पाण्याचं वजन अंगावर येतं. तोवर ते आधारावर होतं. हजार लिटर पाणी उचलणं म्हणजे एक टन उचलणं. क्रेननं झटक्यात उचललेल्या होड्या मधून मोडतात त्या याच ठिकाणी.

मदतीचे पैसे आधी ठरवा. समुद्रातल्या बचावाचा जुना नियम असा की वाचलं तर मोबदला, नाही वाचलं तर काही नाही. पण तो मोबदला वाचवलेल्या मालाच्या किमतीवर मागता येतो, तासाच्या मजुरीवर नाही. "ओढून देण्याचे इतके" असं दोन ओळींत फोनवर लिहून घेतलं की पुढचा वाद टळतो. चाचांनी डिझेलचे पैसे आणि प्रत्येकाची हजेरी, इतकंच मागितलं. आम्ही जरा जास्त दिले, पण ते वेगळं.

मिस्त्री हजर असताना पहिला तास

बाहेर येताच पहिलं काम बॅटरीच्या तारा काढण्याचं. दुसरं काम म्हणजे कुणालाही किल्ली फिरवू न देण्याचं. हे दुसरं कठीण. "बघू तरी लागतंय का" म्हणणारा प्रत्येक काठावर एक असतोच. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि स्टार्टर मारला तर पिस्टन वर जातो आणि पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन चालू असताना बुडालं असेल तर रॉड आधीच वाकलेला असू शकतो. तेव्हा फक्त हातानं, हळू फिरवून बघायचं, आणि अडकलं तर थांबायचं.

मिस्त्रीनं गोड्या पाण्याचा पाइप लावून इंजिन आतूनबाहेरून धुतलं, प्लग काढले, इंजिन आडवं करून पाणी ओतून दिलं. ऑइल काढलं तर ते दाट चहासारखं निघालं, पाणी मिसळल्याची तीच खूण. नवीन भरलं, पाच मिनिटं चालवलं, काढलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी ते ऑइलसारखं दिसलं. टाकीतलं पेट्रोल सगळं फेकावं लागलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि पाणी त्याला आपल्याकडे ओढून तळाशी घेऊन बसतं. वरचं पेट्रोल दिसायला ठीक, पण उपयोगाचं नाही. एवढं सगळं त्या दिवशी जमणारच नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणं हे उन्हात वाळत ठेवण्यापेक्षा शतपट बरं.

विमा

विम्याच्या बाबतीत आमचंच चुकलं. पॉलिसीत लिहिलं होतं की पावसाळ्यात होडी पाण्याबाहेर काढून ठेवायची. चौघांपैकी एकानंही ते वाचलेलं नव्हतं. आजूबाजूच्या मच्छीमारांच्या होड्या एक जूनच्या मासेमारी बंदीला केव्हाच काठावर चढल्या होत्या. आम्हाला वाटलं, अजून एक रविवार फिरून येऊ.

अट पाळलेली असेल तर मात्र पुढचं लक्षात ठेवा. काही हलवण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मोडका भागही फेकू नका. पण हातावर हात ठेवून बसायचंही नाही. सागरी विम्याचं तत्त्व असं की विमा नसता तर शहाण्या मालकानं नुकसान वाढू नये म्हणून जे केलं असतं, ते करायचंच, आणि त्याचा वाजवी खर्च पॉलिसीतल्या 'सू अँड लेबर' कलमातून मागायचा. इंजिन धुण्याचा खर्च यात बसतो. होडी तळातून काढण्याचा खर्च वेगळ्या कलमात असतो, किंवा नसतोच, ते आधी बघून ठेवा. काढणं आणि दुरुस्ती मिळून होडीच्या किमतीच्या वर जात असेल, तर सागरी विमा कायदा, १९६३ प्रमाणे तिला 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' म्हणतात: होडी समोर आहे, पण हिशेबात गेली. मग "ही आम्ही सोडून देतो" अशी नोटीस कंपनीला देऊन पूर्ण रक्कम मागता येते. झीज, कुजलेली नळी, न बदललेलं बूच यांचं नुकसान कुणी भरून देत नाही.

अमेरिकेत तळ्याकाठी बोट बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढंच, की तिथं अपघाताचा लेखी अहवाल द्यावा लागतो. कुणी दगावलं, बेपत्ता झालं किंवा प्रथमोपचारापलीकडची इजा झाली तर ४८ तासांत किंवा त्याआधी. नुसतं दोन हजार डॉलर किंवा जास्त नुकसान झालं किंवा बोट पूर्ण गेली, तर दहा दिवसांत.

इंजिन वाचलं. गणपतीनंतर होडी पुन्हा पाण्यात गेली आणि आम्ही खूश. वायरींनी मात्र वेळ घेतला. खारं पाणी तारेच्या प्लास्टिकखालून केशाकर्षणानं हातभर आत चढतं आणि तांब्याला आतून खात बसतं, बाहेरून काही दिसत नाही. डिसेंबरमध्ये एका रात्री चाचांचा फोन आला. "तुमची बोट बोंब मारतेय," म्हणाले. जाऊन बघतो तर कुणीही नसलेल्या होडीचा हॉर्न एकटाच वाजत होता. बटणामागची तार सोलली तर आत हिरवी भुकटी.